ज्याचं त्याचं मीठ

माझा धाकटा भाऊ आयुष्यात एकदाच खोटं बोलला. तेसुद्धा वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, भर दुपारी, जेवणाच्या टेबलावर, सहा पाहुण्यांच्या देखत. आणि इतकं वाईट बोलला की माझ्या शाळेतली दुसरीची पोरंसुद्धा हसली असती. मी तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवली आहे. 'बाई, पोटात दुखतंय' यातलं खरं किती आणि सोंग किती, हे मला दहा पावलांवरून कळतं. त्या अधिकाराने सांगते, धाकट्याचा तो पहिला प्रयत्न शंभरपैकी चार मार्कांचा होता.

पण ते चार मार्कही त्याने कशाच्या जोरावर मिळवले हे कळायला आधी तो माणूस कळायला हवा.

सव्वीस वर्षं तो विजेचे मीटर वाचत होता. धक्क्यापासून दीपगृहापर्यंत किनाऱ्याने जो रस्ता जातो, त्यावरची सगळी घरं त्याच्याकडे. मीटर असतात घराच्या मागच्या भिंतीला, त्यामुळे हा सव्वीस वर्षं लोकांकडे मागच्या दाराने गेला. कुणाच्या दिवाणखान्यात कसला सोफा आहे, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. पण कुणी नळापाशी पुदिना लावलाय, कुणाचं कुत्रं नुसतंच भुंकतं आणि कुणाचं खरोखर चावतं, कुणाकडे बुधवारी काय शिजतं, हे त्याला तोंडपाठ. मुलं त्याला मीटरमामा म्हणायची. त्या मुलांना आता टक्कल पडायला लागलंय, तरी तो मीटरमामाच आहे.

आकडा वाचायची त्याची एक रीत होती. एकदा डोळ्यांनी वाचायचा, मग मोठ्याने म्हणायचा, मग पुन्हा बघायचा. पटलं की स्वतःशीच 'बरोबर आहे' म्हणायचा आणि मगच लिहायचा. 'बरोबर आहे' म्हटल्याशिवाय गडी जागचा हलत नसे, मग मागे कुत्रं लागलेलं असो. एकदा आमच्याच घरचा मीटर अडकला, आकडा हलेना. कुठल्याही घरात ही आनंदाची बातमी असते. याने त्याच दिवशी ऑफिसात लिहून दिलं. बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, पण जे बोलले त्यापेक्षा गप्प होते तेच बरं होतं.

पुढे असे मीटर आले की ते आपला आकडा आपणच ऑफिसला कळवतात. माणसाची गरज संपली. धाकटा घरी बसला आणि दिसेल ते वाचायला लागला. थर्मामीटर, वजनकाटा, दुधाच्या पिशवीवरची तारीख. त्याच्या बायकोचा मला फोन आला, "ताई, यांना कुठेतरी कामाला लावा, नाहीतर मी तरी कुठेतरी कामाला लागते."

काम त्याचं त्यालाच सापडलं. धक्क्याजवळच्या दुकानात आठ ई-बाईक धूळ खात पडल्या होत्या. तिथे हा गप्पा मारत उभा असताना एका प्रवाशाने विचारलं, इथे चांगलं खायला कुठे मिळतं? धाकट्याने गंभीरपणे विचारलं, "पुढच्या दाराने की मागच्या?" प्रवासी पोट धरून हसला. धाकट्याने विनोद केलेला नव्हता. त्याला तो जमत नाही. पण त्या प्रश्नातून आमची सहल निघाली.

बुधवारी आणि शनिवारी सकाळी आठला आम्ही धक्क्यावरून निघतो. पाहुणे सहा. धाकटा सगळ्यांत पुढे, मी सगळ्यांत मागे, गळ्यात शिट्टी. जाताना समुद्र डावीकडे, येताना उजवीकडे. वाटेत लोकांच्या मागच्या दारी थांबायचं आणि त्या घरात त्या दिवशी जे शिजलं असेल ते खायचं. पाहुणे खात असतात तेव्हा मीटरखालच्या प्लगला सायकली जोडलेल्या असतात, म्हणजे माणसं आणि सायकली एकाच पंगतीला जेवतात. हँडलवर एक ते चार असं बटन आहे. एकवर तुम्ही सायकल चालवता आणि ती थोडा हात देते. चारवर ती चालवते आणि तुम्ही नुसते बसता. धाकटा पाहुण्यांना सांगतो, एकवर ठेवा, भूक लागेल. मी तीनवर असते. गुडघे माझे आहेत, त्याचे नाहीत.

आता ती वही. संध्याकाळी सुटताना धाकटा प्रत्येक पाहुण्याला विचारतो, काही तक्रार? आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लिहितो. पहिल्याच आठवड्यात त्याने नियम केला, एका घराबद्दल तीन तक्रारी आल्या की ते घर बंद. "घर कुणाचंही असो," असं वर लिहूनही ठेवलं. त्या नियमात पहिल्या सापडल्या पाववाल्या काकू. परतीच्या वाटेवर शेवटचा थांबा त्यांचा, चहा आणि पाव. तीनदा पाव शिळा निघाला. सव्वीस वर्षं हा दारात उभा दिसला की ज्या बाईने चहा पाजला, तिच्या मागच्या दाराशी जाऊन हा म्हणाला, "काकू, तीन झाल्या." काकूंनी दार लावून घेतलं. तेव्हापासून आमच्या सायकली त्यांच्या घरामागून जायला लागल्या की त्या परसात येतात आणि शेवटची सायकल जाईपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभ्या राहतात. शेवटची सायकल माझी. त्यामुळे त्या पाठीशी माझी चांगली ओळख झाली आहे. आईशी काकूंची चाळीस वर्षांची मैत्री होती. तीही तुटली. शेवटचा चहा आम्ही मग धक्क्यावरच्या बाकावर थर्मासमधून प्यायला लागलो. त्या चहाबद्दल तक्रार करायची कुणाला सुचत नाही, कारण तो चहा आहे हेच आधी सांगावं लागतं.

आणि तिसरं घर, दुपारच्या जेवणाचं, दीपगृहाच्या पायथ्याशी, ते आमच्या आईचं.

बाबा गेल्यावर आईने स्वयंपाक सोडला होता. सोडला म्हणजे, उभ्या उभ्या पाव खायची, कपभर चहा घ्यायची आणि 'जेवले' म्हणून सांगायची. एकोणऐंशी वर्षांची बाई, फ्रिजमध्ये अर्धा लिंबू आणि औषधं. मी ओरडले, धाकट्याच्या बायकोने डबे पोचवले, काही उपयोग झाला नाही. मग सहल सुरू झाली आणि धाकट्याने तिला फक्त एवढंच विचारलं, "आई, बुधवारी आठ माणसं जेवतील का?" बुधवारी गेलो तर आईने इस्त्रीचा एप्रन घातलेला. जुन्या दाराच्या फळीला पाय ठोकून बाबांनी केलेलं लांब टेबल परसात आणवलेलं, त्यावर आठ ताटं. आणि माशाचा रस्सा, भात, भाजलेली वांगी. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार तिच्या अंगात येतात. कोळणीशी फोनवर भांडते, बाजारवाल्याला वांगी परत करते. आम्हाला आमची आई परत मिळाली, याला मी दुसरे शब्द शोधणार नाही.

म्हणूनच थंडीनंतर जे सुरू झालं त्याने मी धास्तावले. आईला जानेवारीत खोकला झाला, तीन आठवडे पुरला, मग बरा झाला. त्यानंतर एका बुधवारी एका पाहुण्याने लिहवलं, रस्सा फार खारट. तीन आठवड्यांनी दुसऱ्याने लिहवलं, रश्शात मीठच नव्हतं. दोन. आईने जन्मात कधी मीठ मोजून घातलं नाही. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, की कळलं. धाकटा तिला म्हणाला, चमच्याने मोजून घालत जा. आई म्हणाली, "चमच्याने मोजून देतात ते औषध." विषय संपला.

मी धाकट्याला बाजूला घेऊन म्हटलं, "आईच्या बाबतीत तरी तो नियम गुंडाळून ठेव."

"मग काकूंना काय सांगू?" तो म्हणाला. मुद्दा बरोबर होता, म्हणून मी चिडले. माझं असंच आहे.

अशा दोन तक्रारी वहीत असताना तो बुधवार उजाडला. पाहुण्यांमध्ये तीन बहिणी होत्या, त्यातली थोरली दातांची डॉक्टर. एक गणिताचे निवृत्त सर आणि त्यांची बायको. आणि लिफ्ट दुरुस्त करणारा एक अबोल माणूस, ज्याला बॅटरीत जास्त रस होता. डॉक्टरीणबाईंना मात्र सगळ्यातच रस होता. पहिल्या घरी, शिडं शिवणाऱ्या मावशींकडे, अंडी आवडली, चहा जरा जास्त उकळला होता. दुसऱ्या घरी, भोपळे लावणाऱ्या जोडप्याकडे, भोपळा छान होता, पण साल ठेवायला नको होती. प्रत्येक वेळी फोन काढून टिपून घ्यायच्या.

"मी काय आहे, स्पष्ट बोलते," त्या मला म्हणाल्या. "माणसं तोंड उघडून बसतात ना माझ्यासमोर, सवयच लागलीय आत काय बिघडलंय ते बघायची."

माझं धाबं दणाणलं. दीपगृहाच्या चढावर मी बटन चारवर टाकलं आणि माझाच नियम मोडून सगळी रांग ओलांडून पुढे गेले. धाकट्याच्या शेजारी आले.

"आज आईकडे नको. रस्ता बंद आहे म्हणून सांग."

"रस्ता चालू आहे," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय! सांग म्हणते मी."

"ताई, तू मागे जा. शेवटच्या सायकलमागे कुणी नाहीये." आणि समोर बघून पॅडल मारायला लागला. पण त्याचे कान बघितले मी. लालबुंद. भीती त्यालाही होतीच.

आई दारात उभी होती. तिने डॉक्टरीणबाईंच्या बहिणीला सायकल लावायला जागा दाखवली, लिफ्टवाल्याला प्लग दाखवला, सरांच्या बायकोच्या टोपीचं कौतुक केलं. टेबलावर ताटं मांडलेली होती आणि रश्शाला असा वास होता की दोन घरी खाऊन आलेली माणसंही पटापट बसली. मी आईकडे बघत होते. ती पळी हातात धरून दारातच थांबली, आत गेली नाही. तिची नजर धाकट्यावर होती, कारण प्रत्येक घरी पहिला घास धाकट्याचा असतो. त्याने खाल्लं आणि मान हलवली की मग पाहुणे सुरू करतात.

त्याने घास घेतला. मीही तेवढ्यात बोट बुडवून चाखलं.

मिठाचा कणही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी चमचा उचलला होता. धाकट्याने आईकडे बघितलं. आई त्याच्याकडे बघत होती, परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी मुलं बघतात तशी. आणि हा एकदम उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"थांबा," तो म्हणाला. "आधी सांगायचं राहिलं. आमच्याकडे, म्हणजे या किनाऱ्यावर, रश्शात मीठ घालत नाहीत."

सगळे थांबले.

"म्हणजे शिजवताना नाही घालत. नंतर घालतात. ज्याचं त्याने घ्यायचं. पद्धत आहे." तो हे सगळं पाण्याच्या तांब्याकडे बघून बोलत होता. "जुनी पद्धत आहे. समुद्र जवळ आहे ना."

समुद्र जवळ आहे ना! मला तर टेबलाखाली तोंड लपवावंसं वाटलं.

गणिताच्या सरांनी बोट वर केलं. हे लोक निवृत्त झाले तरी बोट वर करतात. "पण आधीच्या दोन्ही घरी मीठ होतं. अंड्यातही होतं, भोपळ्यातही होतं."

धाकट्याने तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. पुन्हा उघडलं. माझ्या शाळेत या जागी पोरं रडायला लागतात.

"ती घरं नवीन आहेत," दारातून आई म्हणाली.

ती सावकाश टेबलापाशी आली. पळी खाली ठेवली, एप्रनला हात पुसले. "आमच्या सासूबाई सांगायच्या, बोटीवरून माणूस घरी येतो तो तोंडात खारं पाणी घेऊनच येतो. दिवसभर त्याच्या ओठांवर तेच. मग त्याला किती मीठ हवंय ते चुलीपाशी बसलेल्या बाईला कसं कळणार? ज्याला त्याला विचारावं. ज्याचं मीठ त्याच्या हातात द्यावं." आणि वळून मला म्हणाली, "अगं, बघत काय बसलीस? वाटी आण मिठाची."

माझ्या आजीला बोटीची भीती वाटायची. ती उभ्या जन्मात धक्क्याच्या पुढे गेली नाही, आणि आमच्या घरात कुणीही कधी मासेमारी केली नाही. बाबा रंगारी होते. पण मी निमूटपणे वाटी आणली. साखरेची काचेची वाटी होती, तीच रिकामी करून मीठ भरलं. आई ती वाटी घेऊन प्रत्येकाच्या उजव्या बाजूला गेली, थांबली, त्याने चिमूट घेतल्यावर पुढे सरकली. लिफ्टवाल्याने तीन वेळा घेतलं. सरांच्या बायकोने नवऱ्याला एकच चिमूट घेऊ दिली, रक्तदाबामुळे. डॉक्टरीणबाईंनी थोडं घेतलं, चाखलं, आणखी थोडं घेतलं, चाखलं, आणि डोळे मिटले.

"किती वर्षांनी कुणीतरी मला विचारून वाढलं," त्या म्हणाल्या. आणि फोन काढला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

निघताना मी खिडकीतून पाहिलं, आई फोनवर बोलत होती. एक हात कानाशी आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत. मला वाटलं कांदा चिरलाय.

परतीच्या वाटेवर समुद्र उजवीकडे होता, वारा पाठीला, पाहुणे गाणी म्हणत होते. धाकटा मात्र असा चालला होता की जणू सायकल त्याला पकडून नेतेय. पाणी प्यायला थांबलो तेव्हा माझ्यापाशी आला.

"ताई, मी खोटं बोललो."

"ऐकलं मी. दीपगृहावरच्या माणसानेही ऐकलं असेल."

"वहीत लिहावं लागेल. तिसरी तक्रार. माझी."

"तू पाहुणा आहेस का रे?" मी जवळजवळ ओरडलेच. "कुणी एका अक्षराने बोललं नाही, आणि तू आईचं घर बंद करायला निघालास?"

"मीठ नव्हतं ताई," तो म्हणाला. "काकूंचा पाव शिळा होता आणि आईच्या रश्शात मीठ नव्हतं." रागाने मी सायकल पुन्हा तीनवर टाकली आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिले. त्या दिवशी माझ्या नशिबी सगळ्या पाठीच होत्या.

काकूंच्या घरामागे मात्र पाठ नव्हती. काकू रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या. धाकट्याने करकचून ब्रेक दाबला.

"थांबा सगळे," काकू म्हणाल्या. "चहा टाकलाय."

"काकू, तुमचं घर…" धाकट्याने सुरुवात केली.

"माहितीये माझं घर काय आहे ते. पाव नाहीये आज, घाबरू नकोस. बटाटे उकडलेत. आता बटाट्याला शिळा म्हणून दाखव." आणि पाहुण्यांकडे वळून, गोड आवाजात, "या हो, या. लोणी आहे. आणि मीठ बाजूला ठेवलंय. आमच्याकडे ज्याचं त्याने घ्यायचं असतं."

परसातल्या टेबलावर वाफाळणाऱ्या बटाट्यांची परात होती आणि तिच्याशेजारी वाटीत मीठ. धाकटा त्या वाटीकडे बघतच राहिला. त्याचं खोटं त्याच्या आधी सायकलवरून पुढे पोचलं होतं.

सरांनी बोट वर केलं. "म्हणजे हे जुनं घर का?"

"फार जुनं," काकू म्हणाल्या.

मी सायकली प्लगला लावत होते तेव्हा काकू माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्या आईचा फोन आला होता."

"काय म्हणाली?"

"एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, माझी चव गेलीये. थंडीतल्या त्या खोकल्यापासून जिभेला काही कळत नाही, मीठ घातलं का नाही तेसुद्धा नाही. पोरांना सांगितलेलं नाही. आणि म्हणाली, आज माझा मुलगा माझ्यासाठी खोटं बोलला, त्याला सवय नाहीये, उघडं पडेल. तुझ्या टेबलावर एक वाटी ठेवशील का?" काकूंनी नाक ओढलं. "मी काय नाही म्हणणार होते? त्याने मला दारात येऊन तोंडावर सांगितलं तेव्हा राग आला होता मला. पण पाव शिळाच होता गं. मला वाटलं होतं, पाहुण्यांना काय कळतंय."

मी वायरचं वेटोळं हातात घेऊन तशीच उभी राहिले. चार महिने आम्ही आईला चमच्याने मोजायला सांगत होतो. चार महिने ती माशाचा रस्सा अंदाजाने करत होती आणि दारात उभी राहून आमच्या तोंडाकडे बघून चव घेत होती. मला स्वतःची लाज वाटली, ते लपवण्यात अर्थ नाही.

धक्क्यावर वही निघाली. सगळे म्हणाले, काही तक्रार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझी एक आहे. लिहा. ही मिठाची पद्धत इतकी छान आहे, तर पहिल्या दोन घरांनी ती का सोडली?" धाकट्याने ते मुकाट्याने, जसंच्या तसं लिहिलं.

पाहुणे गेल्यावर तो बाकावर बसला, आईच्या घराचं पान उघडलं आणि पेन टेकवलं. मी त्याच्याशेजारी बसले आणि काकूंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्याने टेकवलेलं पेन उचललं. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं तिने?"

"कारण तू वहीत लिहिलं असतंस."

त्याने मान हलवली. हो, लिहिलं असतं. हेसुद्धा त्याने नाकारलं नाही. त्याने आईचं पान बंद केलं, पहिलं पान उघडलं आणि नियमांच्या खाली लिहिलं, 'मीठ कोणत्याही घरी शिजवताना घालू नये. ज्याचे त्याने घ्यावे.' आणि थांब्यांच्या यादीत तीनच्या खाली लिहिलं, 'चार, काकू.' मग दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या, पुन्हा बघितल्या.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"आणि दुपारी बोललास ते?"

"तेव्हा चूक होतं." वही मिटून त्याने पिशवीत टाकली. "शनिवारपासून खरं असेल."

आणि तसंच झालं. गुरुवारी तो पहिल्या दोन घरी मागच्या दाराने गेला आणि तुमच्याबद्दल अशी अशी तक्रार आहे, असं सांगून आला. शनिवारी शिडं शिवणाऱ्या मावशींकडे वाटी, भोपळेवाल्यांकडे वाटी, काकूंकडे वाटी. आता तर नवे पाहुणे येताना विचारतात, मिठाची सहल ती हीच का? सर म्हणतील तर आकड्यांत सांगते, चार घरांपैकी चारही आता जुनी आहेत.

त्या शनिवारी आईकडे आम्ही आठऐवजी नऊ ताटं मांडली. धाकट्याने आईच्या हातातली पळी काढून घेतली आणि तिला पाहुण्यांबरोबर बसवलं. ती नको नको म्हणत होती. वाटी फिरत फिरत तिच्यापाशी आली आणि थांबली. आईने वाटीकडे बघितलं, मग ताटाकडे, आणि हात मांडीवरच ठेवला. किती घ्यायचं हे तिला कळणार नव्हतं, आणि ते आम्हा तिघांशिवाय तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

धाकट्याने तिच्या ताटातला रस्सा चमच्याने चाखला. चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं. पुन्हा चाखला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. आणि आई जेवायला लागली.